रॅन्सम ई. ओल्ड्स

रॅन्सम ईलाय ओल्ड्स (३ जून, १८६४ – २६ ऑगस्ट, १९५०) हे अमेरिकेतील आद्य मोटार व मालमोटार उत्पादकांपैकी एक होते. ओल्ड्समोबिल आणि रिओ या दोन्ही प्रसिद्ध मोटारी त्यांनी उभारलेल्या कंपन्यांच्या. पहिलीला त्यांचे आडनाव मिळाले, तर दुसरीला त्यांच्या नावातील आद्याक्षरे. अमेरिकेत पेट्रोलवर चालणारी मोटार मोठ्या संख्येने तयार करून ती मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणणारा पहिला कारखानदार म्हणून त्यांची ओळख आहे. हेन्री फोर्ड यांचे प्रसिद्ध मॉडेल टी बाजारात येण्यापूर्वी सात वर्षे ओल्ड्स यांची छोटी गाडी रस्त्यावर धावू लागली होती.

== जन्म व बालपण ==

ओल्ड्स यांचा जन्म ओहायो राज्यातील जिनिव्हा या गावी झाला. वडील प्लाइनी फिस्क ओल्ड्स हे लोहारकाम आणि ओतकामाचे साचे करण्यात निष्णात होते. आईचे नाव सॅरा व्हिपल ओल्ड्स. रॅन्सम हे या दांपत्याचे सर्वांत धाकटे अपत्य होय. वडिलांच्या कामधंद्यानुसार कुटुंबाला अनेकदा बिऱ्हाड हलवावे लागले. क्लीव्हलंड परिसरात काही वर्षे काढल्यानंतर इ.स. १८८० मध्ये हे कुटुंब मिशिगन राज्याची राजधानी असलेल्या लॅन्सिंग येथे आले. तेथे वडिलांनी थोरला मुलगा वॉलेस याच्या भागीदारीत पी. एफ. ओल्ड्स अँड सन नावाचा यंत्रदुरुस्तीचा कारखाना काढला.

शाळकरी रॅन्सम सकाळ-संध्याकाळ या कारखान्यात राबत असत. भट्टी पेटवणे, झाडलोट करणे येथपासून लेथवरील कामापर्यंत सर्व कामे त्यांनी हातांनी शिकून घेतली. पुढे काही महिने त्यांनी व्यापारी शिक्षण देणाऱ्या संस्थेत हिशेबठेवणीचे धडे घेतले. यंत्राची जाण आणि हिशेबाची शिस्त हे दोन्ही गुण त्यांच्या अंगी असे तरुणपणीच आले. इ.स. १८८५ मध्ये त्यांनी वॉलेस यांचा हिस्सा विकत घेतला आणि ते वडिलांचे भागीदार झाले.

५ जून १८८९ रोजी त्यांचा विवाह मेटा उर्सुला वुडवर्ड यांच्याशी झाला. ग्लॅडिस आणि बर्निस या त्यांच्या दोन मुली.

== वाफेवरील गाड्या ==

ओल्ड्स यांच्या कारखान्याची भरभराट एका लहान वाफेच्या इंजिनामुळे झाली. या इंजिनातील पाणी कोळशाऐवजी पेट्रोलच्या शेगडीवर तापवले जाई. त्यामुळे वाफ लवकर तयार होई आणि सतत कोळसा घालीत बसण्याची गरज उरत नसे. छापखाने, गिरण्या आणि लहान कारखाने यांच्याकडून या इंजिनाला चांगली मागणी येऊ लागली.

हेच इंजिन गाडीवर बसवले तर घोड्यावाचून प्रवास करता येईल, ही कल्पना त्यांना सुचली. इ.स. १८८७ मध्ये त्यांनी तीन चाकांची वाफेची गाडी तयार केली. बघ्यांची गर्दी होऊ नये म्हणून तिची पहिली चाचणी पहाटे, गाव झोपेत असताना घेण्यात आली. गाडी चालली, परंतु तिची शक्ती फारच तोकडी होती. त्यांनी तिच्यातील दोष लक्षात घेऊन काही वर्षांनी चार चाकांची दुसरी, अधिक सुधारलेली गाडी बांधली. इ.स. १८९२ च्या मे महिन्यात सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाने या गाडीचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले.

=== मुंबईसाठी झालेली विक्री ===

या गाडीच्या कथेत मुंबईचे नाव येते. सायंटिफिक अमेरिकनमधील वर्णनामुळे फ्रान्सिस टाइम्स कंपनी या लंडनच्या व्यापारी पेढीचे लक्ष त्या गाडीकडे वेधले गेले आणि तिने आपल्या मुंबई येथील शाखेसाठी इ.स. १८९३ मध्ये ती ४०० डॉलरना विकत घेतली. अमेरिकेतील निर्मात्याने परदेशी ग्राहकास विकलेली पहिली स्वयंचलित गाडी म्हणून या व्यवहाराची नोंद घेतली जाते. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर घोडे ओढीत असलेल्या ट्रामगाड्या धावत होत्या आणि विजेच्या ट्रामला अद्याप चौदा वर्षांचा अवकाश होता. पुढे लाखो मोटारी ज्यांच्या नावाने विकल्या गेल्या त्या ओल्ड्स यांची गाडी म्हणून पहिली विक्री झाली ती अशी, आपल्या देशातील एका शहरासाठी.

== पेट्रोलचे इंजिन व पहिली कंपनी ==

वाफेच्या गाडीत बाष्पपात्राचा धोका आणि पाण्याचा भार या दोन अडचणी कायम राहत. ओल्ड्स त्यामुळे अंतर्ज्वलन इंजिनाकडे वळले. इ.स. १८९६ मध्ये त्यांनी पेट्रोलवर चालणारी आपली पहिली मोटार लॅन्सिंगच्या रस्त्यावर चालवून दाखवली. गाडीविषयी विचारणा होऊ लागली, मात्र ती संख्येने तयार करण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नव्हते.

२१ ऑगस्ट १८९७ रोजी लॅन्सिंगमधील धनिकांच्या साहाय्याने ओल्ड्स मोटर व्हेइकल कंपनीची स्थापना झाली. संचालक मंडळाने पहिल्याच बैठकीत शक्य तितकी निर्दोष अशी एक गाडी बांधण्याचा ठराव केला. या ठरावाप्रमाणे काम सुरू झाले, पण गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि मोजक्याच गाड्या तयार होऊ शकल्या.

तांबे व लाकूड यांच्या व्यापारात संपत्ती मिळवलेले सॅम्युअल स्मिथ यांनी या टप्प्यावर मोठी रक्कम पुढे केली. इ.स. १८९९ मध्ये इंजिनाचा जुना कारखाना आणि मोटारीची कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन ओल्ड्स मोटर वर्क्स ही नवी संस्था आकारास आली. भांडवलाचा मोठा वाटा स्मिथ यांचा होता, साहजिकच कंपनीचे नियंत्रणही त्यांच्या घराण्याकडे गेले. ओल्ड्स हे उपाध्यक्ष व सरव्यवस्थापक झाले. नाव ओल्ड्स यांचे आणि मालकी इतरांची, अशी ही रचना पुढील मतभेदांचे मूळ ठरली.

== डेट्रॉइटची आग ==

नव्या कंपनीने डेट्रॉइट शहरात जेफरसन ॲव्हेन्यू येथे कारखाना बांधला. सुरुवातीची दोन वर्षे प्रयोगांत गेली. महागड्या, अवजड तसेच विजेवर चालणाऱ्या अशा निरनिराळ्या गाड्यांचे नमुने तयार झाले. त्यांतून नफा झाला नाही. तेव्हा ओल्ड्स यांनी अगदी साधी, हलकी आणि स्वस्त गाडी करण्याचे ठरवले.

९ मार्च १९०१ रोजी लागलेल्या आगीत कारखान्याचा मोठा भाग भस्मसात झाला. एका कामगाराने जळत्या इमारतीतून एकच छोटी गाडी ढकलत बाहेर काढली, इतर सर्व नमुने नष्ट झाले आणि म्हणून कंपनीला त्याच गाडीचे उत्पादन करावे लागले, अशी कथा पुढे सर्वत्र पसरली. ही कथा रंजक असली तरी संपूर्ण सत्य नाही. आगीपूर्वीच या छोट्या गाडीचे उत्पादन निश्चित होऊन तिच्या मागण्या नोंदवल्या जात होत्या. इतर नमुन्यांकडे परतण्याचा मार्ग बंद करून आगीने कंपनीचे लक्ष या एकाच गाडीवर केंद्रित केले, एवढे मात्र खरे.

लॅन्सिंगच्या व्यापाऱ्यांनी ही संधी साधली. शहरातील जुन्या जत्रामैदानाची ५२ एकर जागा त्यांनी कंपनीस देऊ केली आणि त्याच वर्षी लॅन्सिंगमध्ये नवा कारखाना सुरू झाला. राज्याच्या कारभाराचे हे लहान शहर येथून पुढे मोटारींचे शहर बनले.

== कर्व्हड डॅश ओल्ड्समोबिल ==

आगीतून वाचलेली ही छोटी गाडी कर्व्हड डॅश या नावाने ओळखली जाते. तिच्या पुढील पाटीला बर्फावरील घसरगाडीसारखा गोलाकार बाक होता, त्यावरून हे नाव पडले. बैठकीखाली एका सिलिंडरचे आडवे इंजिन बसवलेले असे. दोन गती पुढे जाण्यासाठी आणि एक मागे येण्यासाठी होती, इंजिनाची शक्ती साखळीने मागील आसापर्यंत पोहोचे. सुकाणूचाकाऐवजी दिशा वळवण्यासाठी नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. गाडीचे वजन सुमारे ७०० पौंड आणि किंमत ६५० डॉलर होती. त्या काळच्या बहुतेक मोटारी श्रीमंतांच्या छंदापुरत्या असताना डॉक्टर, दुकानदार, नोकरदार अशा मंडळींना परवडेल अशी ही गाडी होती.

तिची प्रसिद्धी करण्यासाठी इ.स. १९०१ च्या शरद ऋतूत रॉय चॅपिन या २१ वर्षांच्या कर्मचाऱ्यास डेट्रॉइटहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनास ही गाडी चालवत पाठवण्यात आले. रस्ते चिखलाने भरलेले होते. एके ठिकाणी तर रस्ता सोडून ईरी कालव्याच्या काठच्या, बोटी ओढणाऱ्या खेचरांच्या वाटेने त्यांना जावे लागले. आठवडाभराच्या प्रवासानंतर चॅपिन न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा ते इतके चिखलाने माखलेले होते की, आलिशान हॉटेलच्या दारवानाने त्यांना समोरच्या दारातून आत येऊ दिले नाही. प्रवासाचा हेतू मात्र सफल झाला. त्यानंतर न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने एक हजार गाड्यांची मागणी नोंदवली.

इ.स. १९०१ मध्ये ४२५ गाड्या तयार झाल्या, पुढील वर्षी २,५०० आणि १९०३ मध्ये सुमारे ४,०००. अमेरिकेत त्या वेळी एवढ्या मोटारी दुसरा कोणताही उत्पादक करीत नव्हता.

=== उत्पादनाची पद्धत ===

एवढ्या गाड्या तयार करण्यासाठी ओल्ड्स यांनी कामाची नवी मांडणी केली. पूर्वी कारागिरांचा एक गट एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीचे सारे काम करी. ओल्ड्स यांच्या कारखान्यात गाडीचा सांगाडा चाके लावलेल्या लाकडी घोडीवर ठेवून एका कामगाराकडून दुसऱ्याकडे नेला जाई. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे ठरावीक काम करायचे आणि आवश्यक सुटे भाग त्याच्या हाताशी ठेवलेले असायचे, असा हा क्रम होता. हेन्री फोर्ड यांनी इ.स. १९१३ मध्ये या क्रमाला यंत्राने सरकणाऱ्या पट्ट्याची जोड दिली. म्हणून जुळणीरांगेचा इतिहास सांगताना फोर्ड यांच्याआधी ओल्ड्स यांचे नाव घेतले जाते.

सर्व भाग आपल्याच कारखान्यात करण्याऐवजी ते इतर कारखान्यांकडून करून घेण्याचा मार्गही त्यांनी अवलंबला. हेन्री लीलँड यांनी इंजिने पुरवली, जॉन व होरेस डॉज या बंधूंनी गतिबदलाची यंत्रणा, तर बेंजामिन ब्रिस्को यांनी रेडिएटर. पुढे लीलँड यांनी कॅडिलॅक कंपनी नावारूपास आणली, डॉज बंधूंनी प्रथम फोर्ड यांना भाग पुरवून नंतर स्वतःच्या नावाची मोटार काढली, ब्रिस्को यांनी मॅक्सवेल-ब्रिस्को कंपनी स्थापन केली आणि रॉय चॅपिन हडसन मोटर कंपनीचे एक संस्थापक झाले. डेट्रॉइट परिसर मोटारउद्योगाचे केंद्र बनण्यात ओल्ड्स यांच्या या पुरवठादारांचा व सहकाऱ्यांचा मोठा हातभार आहे.

== मतभेद आणि राजीनामा ==

गाडीचा खप वाढत असतानाच कंपनीतील वातावरण बिघडत गेले. सॅम्युअल स्मिथ यांचे पुत्र फ्रेडरिक स्मिथ हे कारभारात अधिकाधिक लक्ष घालू लागले होते. ग्राहक लवकरच मोठ्या व ऐटदार गाड्या मागतील, असे त्यांचे मत होते. स्वस्त व हलकी गाडीच अधिक सुधारावी, असे ओल्ड्स यांना वाटत होते. गाडीतील दोषांच्या तक्रारींवरूनही दोघांत खटके उडाले. फ्रेडरिक यांनी ओल्ड्स यांना न कळवता डेट्रॉइटमध्ये वेगळी प्रयोगशाळा उभारली तेव्हा वाद विकोपाला गेला.

बहुमताचे भाग स्मिथ घराण्याकडे असल्याने निकाल ठरलेलाच होता. इ.स. १९०४ च्या आरंभी ओल्ड्स यांनी पद सोडले. ज्या कंपनीस त्यांचे नाव होते तिच्याशी त्यांचा संबंध वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर संपला. पुढच्याच वर्षी ओल्ड्समोबिलवर रचलेले एक गाणे अमेरिकेत घरोघरी पोहोचले, तेव्हा गाडीचा मूळ निर्माता कंपनीत नव्हता. मोठ्या व महागड्या गाड्यांकडे वळलेल्या या कंपनीची स्थिती पुढील काही वर्षांत खालावली आणि इ.स. १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये ती नव्याने स्थापन झालेल्या जनरल मोटर्समध्ये विलीन झाली.

== रिओ मोटर कार कंपनी ==

ओल्ड्स यांचा निवृत्त होण्याचा विचार फार काळ टिकला नाही. लॅन्सिंगमधील मित्रांनी नवी कंपनी काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि ऑगस्ट १९०४ मध्ये ती स्थापन झाली. या वेळी ओल्ड्स यांनी पूर्वीची चूक होऊ दिली नाही, निम्म्याहून अधिक भाग स्वतःकडे राहतील अशी अट त्यांनी घातली.

कंपनीचे नाव आर. ई. ओल्ड्स कंपनी असे ठेवण्यात आले. जुन्या कंपनीने त्यास हरकत घेऊन न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. स्वतःचे आडनाव स्वतःच्याच कारखान्याला देता येईना, तेव्हा त्यांनी आपल्या नावातील आर, ई आणि ओ ही तीन आद्याक्षरे जोडून रिओ हे नाव तयार केले. रिओच्या मोटारींना लगेच मागणी आली. इ.स. १९०७ च्या सुमारास ही कंपनी अमेरिकेतील अग्रगण्य मोटारउत्पादकांत गणली जाऊ लागली.

इ.स. १९०८ मध्ये विल्यम ड्युरँट आणि बेंजामिन ब्रिस्को यांनी ब्यूइक, मॅक्सवेल-ब्रिस्को, फोर्ड व रिओ या चार कंपन्यांचे एकत्रीकरण करण्याची योजना मांडली. फोर्ड यांनी ३० लाख डॉलर रोख मागितले. फोर्ड यांना रोख मिळणार असतील तर आपणासही तितकेच हवेत, अशी भूमिका ओल्ड्स यांनी घेतली आणि योजना बारगळली. त्याच वर्षी ड्युरँट यांनी जनरल मोटर्सची स्थापना केली. रिओ स्वतंत्र राहिली.

इ.स. १९१२ मध्ये आलेली रिओ द फिफ्थ ही मोटार ओल्ड्स यांची अखेरची निर्मिती म्हणून जाहिरातींतून गाजवण्यात आली. कारखान्याच्या दैनंदिन कारभारातून ते त्यानंतर हळूहळू बाजूला होत गेले.

== मालमोटारी ==

रिओने मालवाहतुकीच्या गाड्यांकडेही लवकर लक्ष दिले. इ.स. १९१० मध्ये त्यांसाठी रिओ मोटर ट्रक कंपनी ही वेगळी संस्था स्थापन करण्यात आली. त्या काळच्या बहुतेक मालमोटारी जड, संथ आणि भरीव रबराच्या चाकांच्या असत. खडबडीत रस्त्यांवर त्या गाडीलाही आणि मालालाही हादरे देत.

इ.स. १९१५ मध्ये रिओने स्पीड वॅगन ही पाऊण टन माल वाहणारी गाडी बाजारात आणली. हवा भरलेले टायर आणि हलका सांगाडा यांमुळे ती मोटारीसारखी चपळ होती. किराणा, दूध, पाव घरपोच करणारे व्यापारी, शेतकरी, अग्निशमन दले अशा अनेकांनी ती स्वीकारली. एकाच सांगाड्यावर वेगवेगळे साटे चढवून तिच्यापासून रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि प्रवासी बसगाड्याही तयार करता येत. आजच्या हलक्या मालवाहू गाड्यांच्या पूर्वसुरींत स्पीड वॅगनचा समावेश होतो. पुढे रिओच्या मोटारींपेक्षा तिच्या मालमोटारींनीच कंपनीस तगवून धरले.

== इतर उपक्रम व दानधर्म ==

फ्लोरिडा राज्यात टॅम्पा उपसागराच्या काठी ओल्ड्स यांनी ३७ हजारांहून अधिक एकर जमीन घेऊन ओल्ड्समार हे शहर वसवण्याचा प्रयत्न केला. श्रमजीवी व शेतकरी कुटुंबांना थोड्या भांडवलात घर आणि शेती मिळावी, अशी कल्पना त्यामागे होती. वस्ती अपेक्षेप्रमाणे वाढली नाही आणि ओल्ड्स यांना या उद्योगात मोठा तोटा सोसावा लागला. ते शहर आजही त्यांच्या नावाने अस्तित्वात आहे. हिरवळ कापण्याचे इंजिनावर चालणारे यंत्र तयार करणारी एक कंपनीही त्यांनी लॅन्सिंगमध्ये काढली होती.

इ.स. १९१६ मध्ये मिशिगन कृषी महाविद्यालयाची अभियांत्रिकी विभागाची इमारत आगीत नष्ट झाली. विभागच बंद पडण्याची चिन्हे दिसत असताना ओल्ड्स यांनी पुनर्बांधणीसाठी १ लाख डॉलरची देणगी दिली. स्वतः नियमित अभियांत्रिकी शिक्षण न घेतलेल्या या कारखानदाराच्या नावाची इमारत आज मिशिगन राज्य विद्यापीठात उभी आहे. लॅन्सिंगमध्ये त्यांनी उभारलेला ओल्ड्स टॉवर इ.स. १९३१ मध्ये पूर्ण झाला. ती शहरातील सर्वांत उंच इमारत असून आता बोजी टॉवर या नावाने ओळखली जाते.

== उत्तरायुष्य व मृत्यू ==

इ.स. १९२३ मध्ये रिओचे अध्यक्षपद रिचर्ड स्कॉट यांच्याकडे सोपवून ओल्ड्स संचालक मंडळाचे प्रमुख म्हणून राहिले. स्कॉट यांच्या काळात कंपनीने फ्लाइंग क्लाउड आणि रॉयाल या देखण्या मोटारी काढल्या. रॉयाल ही महागडी गाडी इ.स. १९३१ च्या सुमारास, म्हणजे जागतिक महामंदी ऐन भरात असताना बाजारात आली आणि कंपनीचे नुकसान वाढले. स्वस्त गाडी की ऐटदार गाडी हा तीस वर्षांपूर्वीचा वाद ओल्ड्स यांच्यापुढे पुन्हा, या वेळी स्वतःच्याच कंपनीत, उभा राहिला. सत्तरीच्या घरात असताना त्यांनी कारभारात परत लक्ष घालून पाहिले, परंतु संचालकांशी मतभेद झाल्याने ते काही महिन्यांतच मागे फिरले. इ.स. १९३६ मध्ये रिओने मोटारींचे उत्पादन थांबवले आणि त्याच वर्षी ओल्ड्स यांनी कंपनीशी असलेला संबंध संपवला. त्यानंतर कंपनीने केवळ मालमोटारी व बसगाड्या तयार केल्या.

२६ ऑगस्ट १९५० रोजी लॅन्सिंग येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथील माउंट होप दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या पत्नी मेटा यांचेही त्यानंतर अल्पावधीतच निधन झाले.

== वारसा ==

रिओ कंपनी पुढे इतर मालकांकडे गेली. इ.स. १९६७ मध्ये डायमंड टी या मालमोटार कंपनीशी एकत्र होऊन ती डायमंड रिओ झाली आणि इ.स. १९७५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ओल्ड्समोबिल हे नाव अधिक काळ टिकले. २९ एप्रिल २००४ रोजी लॅन्सिंगमधील कारखान्यातून शेवटची ओल्ड्समोबिल बाहेर पडली, तोपर्यंत या नावाच्या साडेतीन कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. त्यांपैकी ओल्ड्स यांच्या कारकिर्दीत तयार झालेल्या गाड्या काही हजारच होत्या.

लॅन्सिंगमधील वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवरील त्यांच्या घराच्या मोटारखान्यात एक फिरता चौथरा होता. गाडी मागे घेत बाहेर काढावी लागू नये म्हणून ती त्यावर फिरवून तोंड रस्त्याकडे करता येई. इ.स. १९६० च्या दशकात हे घर एका द्रुतगती मार्गासाठी पाडण्यात आले आणि त्या मार्गास ओल्ड्स यांचे नाव देण्यात आले. लॅन्सिंग येथे त्यांच्या नावाचे वाहन संग्रहालय असून त्यात ओल्ड्समोबिल व रिओ या दोन्ही कंपन्यांच्या जुन्या गाड्या जतन केल्या आहेत.